हरणासाठी पेरलेलं शेत

(कार्यकर्ता शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर. टेपवरून उतरवला आहे. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे. पाड्यावरच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा.)



मागच्या बैठकीत एक चित्र हातोहात फिरलं होतं, आठवतंय ना? अमेरिकेतल्या कुठल्याशा मासिकाचं पान होतं. हिरवंगार शेत, भोवती जंगल, शेताच्या कडेला झाडावर बांधलेला माळा आणि माळ्यावर बसलेला एक माणूस. ते बघून मागच्या ओळीतली एक आजी म्हणाली, "तिकडं पण राखण करावी लागते म्हणायची!" सगळ्यांनी माना हलवल्या. मी पण हलवली.

नंतर ते पान घरी नेऊन इंग्रजी नीट वाचलं. मग कळलं की आपण सगळेच चुकलो होतो. तो माणूस राखण करत नव्हता. तो हरणाची वाट बघत होता. ते शेत त्यानं हरणाला खायला म्हणूनच पेरलं होतं. हरीण यावं, चरावं आणि मोसम सुरू झाला की माळ्यावरून त्याला टिपावं, यासाठी.

तुम्ही हसताय. हसा. आपण माळा बांधतो ते डुक्कर, भेकर, सांबर हाकलायला. पत्र्याचा डबा बडवतो, गोफण मारतो, शेकोटी पेटवतो, अख्खी रात्र ओरडून घसा बसतो. आणि तिकडे एक माणूस बियाणं विकत घेतो, नांगरतो, खत घालतो आणि हरणाला म्हणतो, ये बाबा, खा. हे त्याला कसं परवडतं? त्याला कोणी अडवत कसं नाही? आणि आपल्याला पोरांच्या तोंडचा घास पेरायला बंदी का? मला वाटलं, आपल्या जमिनीच्या लढ्यात या प्रश्नातून शिकण्यासारखं काहीतरी आहे. म्हणून आज हा विषय घेतलाय. मी वाचलेलं आणि माहितगारांना विचारलेलं सांगतो.

ते शेत कसं करतात

आधी शेताचं सांगतो, कारण तुम्ही शेतकरी आहात. पहिला प्रश्न तुम्ही तोच विचारणार.

अमेरिकेच्या उत्तरेला विस्कॉन्सिन नावाचं राज्य आहे. तळ्यांचं आणि जंगलाचं राज्य. हिवाळ्यात तिथे बर्फ पडतं. तिथे पांढऱ्या शेपटीचं हरीण आहे. आपल्या भेकरापेक्षा मोठं, सांबरापेक्षा लहान. शिकारीला बंदी नाही, पण मोसम ठरलेला आहे. धनुष्यबाणाचा मोसम सप्टेंबरपासून, बंदुकीचा नोव्हेंबरात. बंदुकीचा मुख्य मोसम फक्त नऊ दिवसांचा. परवाना काढायचा, फी भरायची, किती मारायची ते ठरलेलं, आणि रात्री मारायचं नाही. १९९० साली त्या एका राज्यात सहा लाखांहून जास्त लोकांनी बंदुकीचा परवाना काढला आणि तीन लाखांहून जास्त हरणं मारली गेली.

आता विचार करा. नऊ दिवस मोसम. शहरातल्या नोकरदाराला त्यातले दोन-चार दिवस सुट्टी. जंगल मोठं. हरीण दिवसाउजेडी समोर आलं नाही तर बंदूक खांद्याला लावून तसंच घरी. म्हणून ज्याच्याकडे जमीन आहे तो जंगलाच्या कडेला तुकडा साफ करतो. वीस गुंठे, एक एकर, फार तर दोन-तीन एकर. माती तपासून घेतो. जंगलातली माती आंबट असते म्हणून चुना टाकतो. मग पेरतो. आपल्याकडच्या बरसीमच्या भावकीतलं क्लोव्हर म्हणून एक चाऱ्याचं पीक आहे, ते एकदा पेरलं की दोन-तीन वर्षं टिकतं. जुलैअखेर ते ऑगस्टात सलगम आणि मोहरीच्या जातीच्या पाल्याची पिकं पेरतो. त्यांचा गुण असा की पहिलं कडक दव गोठलं की पाला गोड होतो. म्हणजे जंगलातली पानं गळून गेली, बाकी सगळं पिवळं पडलं, की नेमकी हरणं या हिरव्या तुकड्यावर येतात. बंदुकीचा मोसमही तेव्हाच. ओट, गहू आणि राय नावाचं धान्य सप्टेंबरच्या सुमाराला टाकतो, ते कापण्यासाठी नाही, कोवळं खाल्लं जावं म्हणून.

शेताच्या मधोमध तारेच्या जाळीचा एक छोटा गोल पिंजरा ठोकतात. हरणाला त्यात तोंड घालता येत नाही. आतला पाला गुडघ्याएवढा वाढला आणि बाहेरचा खुरटाच राहिला, तर मालक खूश होतो. हरणं येतायत म्हणून! आपल्याकडे तसं दिसलं तर बाई कपाळाला हात लावेल.

आणि आता ऐका. दक्षिणेकडच्या राज्यांत, जिथे उन्हाळा कडक आहे, तिथे हरणासाठी काय पेरतात? चवळी. आणि वाल. हो, आपला वाल. भात काढल्यावर ओलीवर आपण टाकतो ना, ज्याच्या शेंगांवर पोरं हिवाळाभर जगतात, त्याच जातीचा. तिकडे तो हरणाच्या शिंगांना बळ यावं म्हणून पेरतात. तो हरणाला इतका आवडतो की कोवळा असतानाच सफाचट करतं. म्हणून काही लोक आधी शेताला विजेच्या तारेचं कुंपण घालतात, शॉक बसून हरीण मागे सरेल एवढंच. पीक वर आलं, मोसम जवळ आला, की कुंपण काढून घेतात. हरणापासून हरणाचंच शेत राखायचं आणि वेळ आली की वाट मोकळी करायची.

हे कोणाला करता येतं

हरणाला असं शेत करून देणं हा तिथे गुन्हा नाही. कित्येक राज्यांत मक्याचा ढीग घालून हरणाला आमिष दाखवायला बंदी आहे. पण पेरलेलं, मुळावर उभं असलेलं पीक चालतं, कारण ती शेती झाली.

कायद्याने हरीण तिथे कोणाच्या मालकीचं नाही. ते सगळ्या जनतेचं, आणि जनतेच्या वतीने राज्य सरकार त्याचं राखणदार. पण जमीन मात्र खाजगी असू शकते. मग मालक काय करतो? हरीण विकत नाही, ते त्याला विकताच येत नाही. तो आपल्या फाटकातून आत यायचे पैसे घेतो. मोसमापुरती जमीन भाड्याने देतो. हरीण जनतेचं, पण ज्या जागी ते सापडतं ती जागा मालकाची.

सरकारला पण यात रस आहे. १९३७ साली त्यांनी कायदा केला की बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यप्राण्यांच्या कामासाठी राज्यांना द्यायचा. परवान्याची फी वेगळी. म्हणजे शिकारी जास्त तर वनखात्याकडे पैसा जास्त. म्हणून शिकाऱ्याला तिकडे मान आहे. तो जंगलाचा शत्रू समजला जात नाही.

पण हा मान सगळ्यांना सारखा मिळाला का? इथून पुढे लक्ष देऊन ऐका. कारण त्या देशातही आदिवासी आहेत.

आधी कोण करत होतं

जनावर आपल्याकडे यावं म्हणून जमीन तयार करायची, ही युक्ती त्या मासिकवाल्यांची नाही. ती तिथल्या आदिवासींची. फक्त ते बियाणं विकत आणत नव्हते. ते आग वापरत होते.

१६३४ साली छापलेल्या पुस्तकात विल्यम वुड नावाच्या इंग्रजाने लिहून ठेवलंय की तिथले लोक पानगळीनंतर, गवत सुकल्यावर, जंगलाखालची झुडपं जाळतात. जमिनीवरून धावती आग जायची, मोठी झाडं राहायची, झुडूप जायचं. पाऊस-बर्फ झाल्यावर तिथे कोवळं गवत, कोवळे फुटवे, रानफळं. हरीण आपोआप तिथे चरायला यायचं. माणसाला चालायला वाट, फळं, औषधी झाडं आणि शिकार, सगळं एका कामात. बाहेरून आलेल्याला वाटलं, हे तर मोकळं रान, देवानं तयार करून ठेवलेलं. कोणी कसलेलं त्याला दिसलं नाही, कारण नांगराची रेघ नव्हती.

हे ओळखीचं वाटतं की नाही? आपण फांद्या तोडून, पाला पसरून राब भाजतो. त्यावर नागली-वरीचं रोप करतो. साहेबाला दिसतं ते काय, तर जंगलाची नासाडी. ठाणे-कुलाब्यातल्या राबाच्या तक्रारी इतक्या वाढल्या की इंग्रज सरकारला कमिशन बसवावं लागलं, १८८७ साली त्याचा अहवाल आला. शंभर वर्षं उलटली. भांडण तेच आहे.

तिकडे कॅलिफोर्नियात १८५० साली आदिवासींसाठी एक कायदा केला. नाव दिलं संरक्षणाचं. त्यात एक कलम होतं की माळरानाला आग लावणाऱ्याला शिक्षा. कायद्याच्या नावात संरक्षण आणि पोटात बंदी, हा अनुभव फक्त आपलाच नाही.

आणि हरणाचं काय झालं? आदिवासी होते तोवर हरीण होतं. मग लाकूडवाले आले, धंद्यासाठी मांस-कातडं विकणारे शिकारी आले, रेल्वे आली. १९०० सालापर्यंत अख्ख्या देशात पांढऱ्या शेपटीची हरणं साधारण तीन ते पाच लाखच उरली, असा अंदाज सांगतात. तेव्हा कायदे झाले, मोसम ठरले, परवाने आले. धंदेवाल्यांनी संपवलं आणि बंदी आली ती पोटापुरती शिकार करणाऱ्यावरही.

ओजिब्वे लोकांची गोष्ट

विस्कॉन्सिनच्या त्याच जंगलातले आदिवासी म्हणजे ओजिब्वे. सरकारी कागदात त्यांना चिप्पेवा म्हणतात. तळ्यातलं रानभात हे त्यांचं धान्य. होडीत बसून काठीने कणसं झोडतात, काही दाणे होडीत पडतात, काही पाण्यात. पाण्यात पडलेले पुढच्या वर्षीचं बी. वसंतात रात्री भाल्याने मासे मारतात, पूर्वी मशालीच्या उजेडात मारायचे. त्यांच्या एका गावाचं नावच फ्रेंच लोकांनी मशालींचं तळं असं ठेवलं.

१८३७ साली सरकारला त्यांच्या जंगलातलं पाइनचं लाकूड हवं होतं. १८४२ साली तांबं हवं होतं. दोन करार झाले. लाखो एकर जमीन गेली. पण त्या म्हाताऱ्या मुखियांनी करारात एक गोष्ट लिहून घेतली. जमीन तुमच्या नावावर गेली तरी तिच्यावर शिकार करायचा, मासे धरायचा, रानभात गोळा करायचा हक्क आमचा राहील. सरकारने शेपूट जोडलं, राष्ट्राध्यक्षांची मर्जी असेपर्यंत.

मर्जी तेरा वर्षंच टिकली. १८५० साली राष्ट्राध्यक्षांनी हुकूम काढला की इथून निघा. हक्काची रक्कम नेहमीच्या ठिकाणी न देता लांब सँडी लेक इथे देतो म्हणून लोकांना हिवाळ्याच्या तोंडावर बोलावलं. रक्कम वेळेवर आली नाही, धान्य सडकं निघालं. उपासमार, आजार आणि बर्फातली परतीची वाट, यात सुमारे चारशे माणसं मेली. तरी लोकांनी जागा सोडली नाही. १८५२ साली बफेलो नावाचा त्यांचा मुखिया नव्वदीच्या पुढे वय असताना राजधानीला गेला. वाटेत गोऱ्या व्यापाऱ्यांच्या, वस्तीवाल्यांच्या पण सह्या घेतल्या. राष्ट्राध्यक्षांना भेटला. हुकूम मागे घेतला गेला. १८५४ च्या करारात त्यांना त्यांच्याच मुलखात राखीव गावं मिळाली.

पण कागदावरचा हक्क जमिनीवर टिकला नाही. राज्याचे शिकारीचे कायदे त्यांनाही लावले. माणसं पकडली, जाळी जप्त केली. १९०८ साली विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, राज्य स्थापन झालं तेव्हाच तुमचे हक्क संपले. त्यानंतर पुढची पिढी काय करत होती? चोरून मासे, चोरून हरीण. स्वतःच्या आज्याच्या जंगलात चोर.

१९७४ साली त्यांच्यातले दोन भाऊ राखीव गावाच्या हद्दीबाहेरच्या तळ्यावर गेले आणि उघडपणे, माहीत असून मासे मारले. पकडले गेले. पकडले जावं म्हणूनच गेले होते. खटला नऊ वर्षं चालला. १९८३ साली वरच्या फेडरल न्यायालयाने निकाल दिला की १८३७ आणि १८४२ च्या करारातले हक्क कधीच संपले नव्हते. कोणी दिलेले नव्हते, म्हणून कोणी काढून घेतले असंही नाही. लोकांनी स्वतःकडे ठेवलेले हक्क होते ते.

निकाल लागला म्हणून सगळं झालं असं नाही. १९८७ पासून पुढची काही वर्षं दर वसंतात तळ्याच्या धक्क्यावर जमाव जमायचा. दगड मारायचे, शिव्या द्यायचे. मासा वाचवा, इंडियनला भाल्याने मारा, अशा पाट्या घेऊन उभे राहायचे. म्हणायचे काय, तर हे आदिवासी सगळे मासे, सगळी हरणं संपवतील. आणि खरं काय होतं? राज्याच्या परवान्यावर एका मोसमात लाखांनी हरणं मारली जातात. ओजिब्वे तेव्हा मारत होते ती काही हजार. पण संपवणारे म्हणून नाव त्यांचं.

त्यांनी याला उत्तर कसं दिलं ते महत्त्वाचं आहे. बायका-माणसं पोरांना घेऊन धक्क्यावर शांतपणे उभी राहिली, बाहेरचे मित्र साक्षीला उभे राहिले. आणि १९८४ सालीच त्यांच्या गावांनी मिळून स्वतःचं मासे आणि वन्यजीव कमिशन उभं केलं. स्वतःचे राखणदार, स्वतःचे जाणकार. कोणत्या तळ्यात किती मासे, किती धरले, किती हरणं मारली, सगळं मोजून लिहितात. कोर्टात सरकारचा आकडा आला की यांचाही आकडा येतो.

कुठे अडलं

आता परत त्या हिरव्या शेताकडे येऊ.

ओजिब्वेंचा हक्क न्यायालयाने मान्य केला, पण १९८५ साली मर्यादा घातली. तो सरकारी जमिनीवर, सरकारी जंगलात. खाजगी जमिनीवर नाही. मग बघा काय होतं. हरीण सरकारी जंगलात आहे तोवर ओजिब्वेचा त्यावर हक्क आहे. शेजारच्या मालकाने क्लोव्हर पेरलं, सलगम पेरलं, हरीण कुंपण ओलांडून तिकडे चरायला गेलं, की हक्क संपला. हरणाला हद्द कळत नाही, कागदाला कळते. ज्याच्याकडे जमीन, तो पीक पेरून जनतेचं हरीण आपल्या माळ्यासमोर आणू शकतो. ज्याच्याकडे नुसता वापराचा हक्क, तो झाडाआडून बघत राहतो.

आणि ती जमीन मालकाकडे आली कशी? १८८७ साली अमेरिकन सरकारने अजून एक कायदा केला. आदिवासींची सामाईक जमीन तोडून माणशी तुकडे करायचे. सांगितलं काय, तर तुम्ही मालक व्हाल, शेतकरी व्हाल. उरलेली जमीन जादा ठरवून बाहेरच्यांना विकली. वाटून दिलेले तुकडे पण कराच्या थकबाकीत, कर्जात, फसवणुकीत गेले. १८८७ साली देशभरात आदिवासींकडे तेरा कोटी ऐंशी लाख एकर होती. १९३४ साली चार कोटी ऐंशी लाख उरली. आज ओजिब्वेंच्या राखीव गावांच्या आतसुद्धा तळ्याकाठी बाहेरच्यांची सुट्टीची घरं आहेत.

आपल्याकडे सावकाराने काय केलं? अंगठा घेतला आणि वरकस गेली. म्हणून तर १९७४ साली आदिवासींच्या जमिनी परत द्यायचा कायदा करावा लागला. त्याची अंमलबजावणी आपल्याला माहीत आहे. त्या चौदा लाख... माफ करा, आकडा मी सांगत नाही, आकड्याचं पुढच्या शिबिरात बघू. मुद्दा एवढाच की एकट्याच्या नावाचा तुकडा एकट्याच्या अडचणीत जातो.

आता आपलं

आपल्याकडे शिकारीचं रान काय नवीन नाही. मुरुडजवळचं फणसाड घ्या. जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान होतं ते. १९८६ साली त्याचं अभयारण्य झालं. राजे-साहेब शिकार करत तेव्हा हाकारा घालायला माणूस लागायचा तो पाड्यावरचा. जनावर उठवायचं आपण, गोळी घालायची त्यांनी. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने शिकार जवळजवळ पूर्णच बंद झाली. बंदूकवाला साहेब गेला, पण रान आपल्याला परत मिळालं नाही. आता त्याच रानात आपण अतिक्रमणदार.

कोणाचा गैरसमज नको. मी शिकार सुरू करा असं सांगायला उभा नाही. जंगलाला आग लावा असंही म्हणत नाही. उलट सांगतो, फासे लावू नका, शेताला चोरून विजेची तार लावू नका. त्या तारेला आपलंच पोर चिकटतं, आपलाच बैल मरतो. आणि एक केस झाली की सगळ्या पाड्याच्या जमिनीच्या दाव्यावर बोट ठेवायला त्यांना निमित्त मिळतं. जंगलात जनावर राहिलं पाहिजे, हे आपल्याला कोणी शहरातून येऊन शिकवायला नको. वाघोबाला शेंदूर आपण लावतो.

आपलं म्हणणं साधं आहे. आपण जंगलाच्या कडेला, जंगलाच्या आत, प्लॉटवर, दळीवर नागली-वरी, तूर, वाल पिकवतो. त्यातला घास डुक्कर खातं, भेकर खातं, सांबर खातं, माकड खातं. म्हणजे न ठरवता आपण पण त्यांच्यासाठी पेरतो. अमेरिकेतला मालक हौसेनं पेरतो, आपल्याला नाइलाजानं सोसावं लागतं. नुकसानीचा पंचनामा करा म्हटलं की पहिला प्रश्न, सात-बारा दाखवा. सात-बारा नाही, म्हणजे शेत नाही. शेत नाही, म्हणजे नुकसान नाही. जनावराला मात्र ते शेत बरोबर दिसतं!

म्हणून मी म्हणतो, जनावराची साक्ष कामाला लावू या.

शासनाचा २७ डिसेंबर १९७८ चा निर्णय होता की ३१ मार्च १९७८ रोजी ज्यांच्या ताब्यात वनजमीन कसत होती त्यांच्या नावे ती नियमित करायची. किती वर्षं झाली मोजा. १९९१ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या दाव्यांबद्दल सांगितलं की नुसता सरकारी कागद नाही म्हणून दावा फेटाळू नका, दुसरा पुरावाही तपासा. दुसरा पुरावा म्हणजे काय? तो आपल्याकडे ढिगाने आहे. फक्त लिहिलेला नाही.

तर पाड्यावर गेल्यावर काय करायचं ते सांगतो. लिहिता येतं त्यांनी लिहून घ्या.

एक. दंडाच्या पावत्या शोधा. पेटीत, आढ्याला, देवाच्या कोनाड्यात असतील. गार्डाने दंड केला म्हणजे त्या साली तुम्ही तिथे कसत होता, हे त्याच्याच सहीने सिद्ध होतं. दंडाची पावती फाडू नका, जाळू नका. ती आपली सनद आहे.

दोन. प्रत्येक प्लॉटची चतुःसीमा लिहा. ओढा, मोठा दगड, जुनं आंब्याचं किंवा मोहाचं झाड, बांध, शेजाऱ्याचं नाव.

तीन. राखणीची माहिती लिहा. माळा कुठे होता, त्याचे खांब अजून आहेत का. डुक्कर कोणत्या बाजूने उतरतं. कोणत्या साली सगळं पीक गेलं. रात्री राखणीला कोण कोण बसायचं. चौकशीला अधिकारी आला आणि त्याने बाईला विचारलं, ही जमीन तुझी कशावरून, तर तिने सांगावं, साहेब, डुक्कर त्या करवंदीच्या जाळीतून येतं आणि आधी खालच्या कोपऱ्यातला वाल खातं. जो तिथे रात्री जागला नाही त्याला हे सांगता येत नाही.

चार. म्हाताऱ्या माणसांचे जबाब आधी घ्या. बैठक, मोर्चा पुढे-मागे करता येतो. म्हातारं माणूस थांबत नाही.

पाच. यादी पाड्याची एकत्र करा. एकट्याने तलाठ्याच्या मागे फिरू नका. नवरा-बायको दोघांची नावं लिहा. आणि लाकूडफाटा, पाला, कंद, मासे, गुरांची वाट, हेही त्याच यादीत घ्या. ओजिब्वेंची चूक नव्हती, पण त्यांचं दुखणं आपल्याला दिसतंय. वापराचा हक्क राहिला आणि जमीन गेली, तर हक्क कुंपणाशी अडतो. जमीन मिळाली आणि जंगलाचा वापर गेला, तरी पोट भरत नाही. दोन्ही एकत्र मागायचं.

सहा. मोजायला शिका. या पावसाळ्यापासून प्रत्येक पाड्यावर एक वही ठेवा. किती गुंठे पेरलं, किती जनावरानं खाल्लं, किती घरात आलं. पोरं शाळेत जातात ना, त्यांना लिहायला लावा. उद्या कोणी म्हणालं की तुम्ही जंगल संपवलं, तर आपल्याकडे वही पाहिजे.

शेवटचं सांगतो आणि बसतो. बैठकीनंतर त्या आजीला मी सांगितलं की तो माणूस राखण करत नव्हता, हरणासाठी पेरून बसला होता. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्याला कोण उठवत नाही ना तिथून?" नाही म्हटलं. तर म्हणाली, "मग बसू दे की. आम्हाला पण कोणी उठवू नये, एवढंच."

साथींनो, आपली मागणी यापेक्षा लांबलचक नाही. चौकशीचं पथक पाड्यावर येईल तेव्हा कोणी कामाला बाहेर जाऊ नका. वह्या, पावत्या आणि म्हातारी माणसं घेऊन आपापल्या प्लॉटवर उभे राहा.

जंगल-जमीन आमच्या हक्काची!
संघटना जिंदाबाद!